देवाचा पलंग आणि भक्ताची झोप

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी बंधुभगिनींनो, झोपेचा विषय प्रवचनाला कसा, असे कोणी म्हणेल. पण उमरेडच्या मंडळींपुढे निरूपणाला बसले की हाच प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. गळ्यात माळ असलेले प्रौढ गृहस्थ संकोचत विचारतात, "महाराज, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागला तर पहाटे काकड्याला उठवत नाही. झोपेपायी आपला नेम बुडतो, तो दोष कोणाच्या माथी?" या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. झोप म्हणजे आळस, झोप म्हणजे तमोगुण, आणि भक्ताने तिला जिंकलेच पाहिजे, ही ती समजूत. तिचाच आज थोडा विचार करू.

संतांनी निद्रेची निंदा केली, हे खरे. पण ती कोणत्या निद्रेची? नरदेह मिळूनही देवाची ओळख न ठेवता जे आयुष्य वाया जाते, त्याला संत झोप म्हणतात. असा मनुष्य चार तास निजो की दहा तास, तो झोपलेलाच. देहाची झोप ही निराळी वस्तू. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला स्वच्छ सांगितले आहे की फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्याला, या चौघांनाही योग साधत नाही. पाहा, अतिजागरण करणाऱ्यालाही देवाने त्याच रांगेत बसवले! माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, हा अर्थ मराठीत आणला, तेव्हा खाण्याला जसे माप, तसे झोपेला आणि जागण्यालाही माप, असाच बोध केला. वैद्यकशास्त्राचेही तेच म्हणणे. चरकाचार्यांनी देहाच्या घराला जे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या लगेच मागे निद्रा आहे. खांब काढून घर उभे ठेवू म्हणणारा शहाणा म्हणावा काय?

आता पंढरीला चला. आषाढीची यात्रा जवळ आली की शुभ मुहूर्त पाहून विठुरायाचा पलंग काढतात. शेजघर ओस पडते, शेजारती थांबते, आणि देव चोवीस तास दर्शनासाठी उभा राहतो. लेकरे दुरून आली आहेत, मग बाप निजेल कसा! पण त्याच वेळी देवाच्या पाठीशी मऊ लोड ठेवतात, उभे राहून शिणलेल्या पाठीला टेकण म्हणून. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री औषधी मसाल्यांचा काढा दाखवतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. कशासाठी? तर देवाचा शिणवटा जावा म्हणून.

सज्जनहो, हा केवळ उपचार म्हणून सोडून देऊ नका. ज्याला शीण नाही त्या परब्रह्माचा शीण आपण उतरवतो, आणि ज्याला खरोखर शीण होतो त्या देहाची मात्र लाज बाळगतो! देव जागला तो लेकरांसाठी, आणि काम होताच निजला तोही सर्वांच्या देखत, घंटा वाजवून. जागर आणि विसावा ही एकाच सेवेची दोन अंगे आहेत, हे पंढरीनाथ दर यात्रेला शिकवतो.

आता आमच्या उमरेडची गोष्ट. येथे कितीतरी जणांची रात्र त्यांची स्वतःची नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, १९७५ साली स्थापन झाली. तिच्या उमरेड क्षेत्रातल्या उघड्या कोळसाखाणी दिवसरात्र तिन्ही पाळ्यांत चालतात. आपल्या दिंडीतला टाळकरी आठवडाभर रात्री यंत्रावर बसतो आणि सूर्य वर आल्यावर घरी निजायला येतो. इकडे शेतकऱ्याला पंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, तर बॅटरी हातात घेऊन बांधावर उभे राहावे लागते. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना काढली. पण जिथे ती पोचली नाही तिथे पाणी अंधारातच द्यावे लागते. आणि २०१२ साली अभयारण्य झालेल्या कऱ्हांडल्याच्या रानालगत ज्यांची शेते आहेत, त्यांना रानडुकरांच्या भयाने मचाणावर जागल करावी लागते. या जागण्याला आळशी कोण म्हणेल? हा कष्टाचा जागर आहे. पण देह त्याची किंमत वसूल करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचार करून २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले आहे. भिववण्यासाठी हे सांगत नाही. ज्याला रात्री जागावे लागते त्याची झोप घराने आणि गावाने किती जपली पाहिजे, ते कळावे म्हणून सांगतो.

असे का होते? देहाच्या पेशीपेशीत एक घड्याळ आहे. ते कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला किल्ली देतो तो सूर्यनारायण. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की घड्याळ लागते, आणि अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन नावाचा रस पाझरून झोपेची वर्दी देतो. रात्री प्रखर उजेड डोळ्यांवर पडत राहिला की ही वर्दी अडते. आपल्या वाडवडिलांना रसाचे नाव ठाऊक नव्हते. पण देवाच्या दिवसाचा क्रम त्यांनी घालून दिला, त्यातच सारे आले आहे. काकडा, नैवेद्य, धुपारती, शेजारती. तोच क्रम आपल्या देहाला लावून पाहू.

काकडा म्हणजे उठण्याची ठरलेली वेळ. पाचला उठायचे तर रोज पाचला. रविवारी आठ आणि सोमवारी पाच, असे करू नये. उठल्यावर घरात न कोंडता अंगणात या, तुळशीला पाणी घाला, उगवतीकडे तोंड करून घटकाभर उभे राहा. रात्रीच्या झोपेची तयारी सकाळच्या या उजेडातच होते. मात्र पाचला उठणाऱ्याने दहाच्या आत आडवे झाले पाहिजे. प्रौढ माणसाला सात तासांहून कमी झोप चालत नाही. काकडा गाठला आणि झोप चारच तास झाली, तर तो नेम देहाच्या उसनवारीवर चालला आहे.

नैवेद्य म्हणजे आहार. दुपारचे जेवण पोटभर, रात्रीचे हलके, आणि दिवेलागणीनंतर फार उशीर न करता. ज्वारीची भाकर, वरण-भात, थोडे ताक, पुरे झाले. शेजारच्या भिवापूरची मिरची नावाजलेली खरी. पण तिचा झणका दुपारी घ्यावा, रात्री घेतला तर छातीत जळजळ होऊन कूस बदलण्यात रात्र जाते. चहाचेही तसेच. दुपारी चारला प्यालेल्या चहातले उत्तेजक द्रव्य रात्री नऊ-दहापर्यंत निम्मे तरी अंगात उरते. म्हणून दुपारनंतरचा चहा सोडून पाहावा. आणि खर्रा! रात्रपाळीत झोप उडवायला म्हणून धरलेला खर्रा दिवसाही झोपू देत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाला बोलावतो. दारूने गुंगी येते, पण मध्यरात्री झोप मोडते. माळ घालताना ही बंधने पाळायची असतात, ती देवाला बरे वाटावे एवढ्यासाठीच असतात काय? ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याच्याही हिताची ती आहेत.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. रात्री भिंतीही ऊन ओकतात. देह थोडा निवल्यावाचून गाढ झोप येत नाही. म्हणून संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात पाणी शिंपावे, वारा येईल तिथे बाज टाकून मच्छरदाणी लावावी, निजण्यापूर्वी अंग धुवावे. उन्हाळ्यात दिवसा निजण्याची मुभा चरकांनीही दिली आहे. पण दुपारी अर्ध्या तासाच्या वर ताणू नये, नाहीतर रात्रीची झोप पळते.

धुपारतीपासून शेजारतीपर्यंतचा वेळ हा मन आवरण्याचा. घरातले दिवे मंद करावेत. मोबाईल निजण्याच्या तासभर आधी दूर ठेवावा. त्याचा उजेड डोळ्याला जागवतो आणि त्यातली बातमी मनाला. पाय धुऊन कोरडे करावेत, तळव्यांना तिळाचे तेल चोळावे. डोके, कान आणि तळवे यांना तेल लावण्याची शिकवण वाग्भटांनी दिनचर्येतच दिली आहे. ऊन पाण्यात पाय बुडवले तर आणखी बरे. पायांच्या रक्तवाहिन्या पसरतात, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि पेंग येते. मधुमेही माणसाने मात्र पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे, कारण त्याच्या पायाला चटका कळेलच असे नाही. मग हरिपाठ. सावकाश, लांब श्वासाने, कोणाला ऐकवायचा नाही असा. हरिपाठ झाल्यावर घरात हिशेब, वाद आणि उद्याची काळजी काढू नये. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळू नका. उठून मंद उजेडात नाम घ्या, डोळे जड झाले की पुन्हा निजा.

ज्यांची रात्र कामाची आहे त्यांनी काय करावे? वाग्भटांनी सोय सांगून ठेवली आहे. जागरण घडले तर सकाळी जेवण्यापूर्वी, जागलो त्याच्या निम्मा वेळ तरी झोप घ्यावी. एकादशीच्या जागरालाही हे लागू आहे. कामावरून आलेल्याने थोडे कोमट दूध किंवा पेज घ्यावी, खिडकीवर जाड चादर टाकून खोली अंधारी करावी आणि उन्हात न रेंगाळता निजावे. पेंग येत असेल तर दुचाकी चालवू नये. खाणीच्या फाट्यावर दहा मिनिटे बसलेले बरे. आणि घरच्या माउलींनो, त्या वेळी तुमच्या घरात शेजारती चालू आहे असे समजा. देव निजला असता गाभाऱ्यात कोणी भांडी आपटते काय?

एक बोलणे कडू आहे, पण ते आपल्याच घरचे आहे, म्हणून बोलतो. आपला सप्ताह, आपले कीर्तन, त्याचा कर्णा किती वाजेपर्यंत चालतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणाउत्सवासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. कायदा बाजूला ठेवा. धर्म काय म्हणतो? पलीकडच्या घरात पहाटेच्या पाळीला जाणारा मजूर, तापाने फणफणलेले लेकरू, बाळंतीण असेल. त्यांच्यातही पांडुरंग आहे, असे आपणच कीर्तनात सांगतो. मग त्याच पांडुरंगाची झोप मोडून कोणत्या पांडुरंगाला जागवायचे? काकडा शतकानुशतके टाळ-वीणेवर चालत आला आहे. त्याला कर्णा लागत नाही. उमरेडच्या आणि गावोगावच्या मंडळांनी यंदा एवढा एक नेम घ्यावा. कीर्तन दहाच्या आत आटोपावे, पहाटेचा कर्णा बंद ठेवावा. नाम कमी होणार नाही. उलट शेजाऱ्याचा दुवा मिळेल.

वारीला निघणाऱ्यांनीही हे ध्यानात धरावे. आषाढात धापेवाड्याला जा की पंढरीला, मुक्कामावर पोचताच पाय धुऊन वर टेकवा, पाणी भरपूर प्या, भारूड कितीही रंगले तरी निजण्याची वेळ पाळा. दिंडीतल्या म्हाताऱ्यांना तंबूत आतली, शांत जागा द्या.

आणि हेही ऐका. हे सारे करूनही आठवड्यातून तीन-तीन रात्री झोप न येण्याचे तीन महिने झाले, घोरताना श्वास अडकतो असे घरच्यांनी सांगितले, दिवसा बसल्या जागी डोळे मिटू लागले, किंवा मन उदास होऊन जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्याच्या डबीतली झोपेची गोळी घेऊ नये. नामाने औषध वर्ज्य होत नाही.

असो. देह पांडुरंगाने दिलेले मंदिर आहे, त्यात पहाटे काकडा आणि रात्री शेजारती दोन्ही झाल्या पाहिजेत. आज रात्री अंथरुणावर पडताना मनात एवढेच म्हणा की, देवा, तुझा पलंग आम्ही घातला, आता आमचा भार तू घे. आणि शेजारच्या घरात दिवसा कोणी निजलेले असेल, तर उद्या त्याच्या दारावरून पाऊल हलके टाका. तीही विठ्ठलाची सेवाच आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!