करड्या रंगाच्या नऊ पायऱ्या

खिडकीशी बस. लोकरीचा गुंडा मांडीत घेऊ नकोस, उजव्या हाताला जमिनीवर ठेव, म्हणजे धागा ओढताना तो मोकळा फिरेल. आज राखी लोकर घेऊ. स्केचबुक शेजारी उघडं असू दे, पण पेन्सिलीला इतक्यात हात लावायचा नाही.

गल्लीतले माग चालू असतील, तर त्यांची खटखट थांबायची वाट बघू नकोस. बऱ्हाणपुरात ती वाट बघत बसणाऱ्याचं चित्रही व्हायचं नाही आणि झोपही. तो आवाज असू दे. नुसतं ऐक, की तो एकसारखा वाटला तरी एकसारखा नाही. कुठे धागा तुटला की एक माग गप्प होतो, आणि मग बाकीच्यांचा ताल वेगळा कळू लागतो.

आता चाळीस टाके घाल. मोजायचे असतील तर मनात मोज. मागावर सगळा उभा ताणा आधीच ताणून तयार असतो, धोटा त्यातून आडवा धावतो. तुझ्या सुईवर तसं काहीच तयार नाही. एकच धागा, त्याचा एक फास, त्या फासातून ओढलेला दुसरा फास. म्हणूनच धोटा मिनिटात जेवढं अंतर तोडतो तेवढं तुला संध्याकाळभरात जमणार नाही. घरचे विचारतीलच, इथल्या चार दिवसांच्या थंडीला स्वेटर कशाला? विचारू देत. आपण स्वेटर विणतोय असं अजून कुठे ठरलंय!

पहिली ओळ सुलट. उजवी सुई डावीवरच्या फासात पुढून मागे घाल, धागा तिच्यावरून फिरव, नवा फास ओढून पुढे आण, जुना सुईवरून सोडून दे. पुन्हा. पुन्हा. श्वास वेगळा सांभाळायची गरज नाही. पाच-सहा टाक्यांनंतर तो आपसूक हातामागे येतो. दुसरी ओळही सुलटच विण. दोन्हीकडून सुलट विणलं की दर दोन ओळींनी एक उंच कड उमटते. चार-पाच कडा झाल्या की थांब आणि विणलेलं खिडकीकडे धरून बघ, पण डोळे किलकिले करून. लोकर एकाच रंगाची आहे. तरी कडेच्या माथ्यावर जवळजवळ पांढरा, उतारावर राखी, खाचेत काळपट दिसतो. हे तीन रंग लोकरीचे नाहीत, उजेडाचे आहेत.

चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच वर्षी नऊ चौकोन आखून घेतात. पहिला कोरा, नववा काळाकुट्ट, मधले सात पेन्सिलीने पायरी-पायरीने गडद करत न्यायचे. बहुतेकांचे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे चौकोन एकमेकांत मिसळून जातात. काळं आणि पांढरं कुणालाही दिसतं. मधलं दिसायला वेळ लागतो, आणि वेळ द्यायचा तर हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर हात फोनकडे जातो. विणकामाचा मला दिसणारा खरा उपयोग हाच. हात गुंतलेले राहतात आणि डोळ्याला घाई उरत नाही.

सुया चालू ठेव. आता समोर एक जुना सिनेमा लाव. 1949 चा ‘महल’ लाव. आवाज बंद केलास तरी चालेल, गाणी तुला पाठ आहेतच. कमाल अमरोहींचा हा सिनेमा कॅमेऱ्यात धरला जोसेफ वीर्शिंग यांनी. हा जर्मन माणूस बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आला, आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘अछूत कन्या’चं छायाचित्रण त्यानंच केलं होतं. वादळी रात्री अशोककुमार जुन्या हवेलीत येतो. भिंतीवर एक तसबीर आहे आणि तिच्यातला माणूस हुबेहूब त्याच्यासारखा. गोष्ट तिथून पुढे जाते; तू जाऊ नकोस. चित्र थांबव.

त्याचा चेहरा बघ. कपाळ, नाकाचा शेंडा, वरचा ओठ, एवढंच उजळ आहे. गालाचा खळगा चौथ्या पायरीवर, मानेखाली सातवी. आणि मागची भिंत? ती काळी वाटते, पण काळी नाही. तिच्याहून काळा कोट पुढे आहे म्हणून तर तो वेगळा दिसतो. एक ओळ विण आणि पुन्हा बघ. मघाशी न दिसलेली पायरी आता दिसेल.

याच सिनेमाशेजारी 1958 चा ‘चलती का नाम गाडी’ ठेवून बघायची एक गंमत आहे. त्यातही पावसाची रात्र आहे, आणि मधुबाला आहे, भिजलेली, बंद पडलेली गाडी घेऊन गॅरेजात आलेली. ‘महल’मध्ये तीच मधुबाला अंधारातून डोकावते तेव्हा अंगावर काटा येतो; इथे किशोरकुमारची फजिती बघून हसू आवरत नाही. मुलगी तीच, पाऊस तोच, रात्र तीच. एकीकडे सावलीला माणसापेक्षा जास्त जागा दिली आहे, दुसरीकडे गॅरेजात उजेड खेळता ठेवला आहे. भीती आणि हसू यांतला निम्मा फरक दिव्यांच्या जागेचा.

(रंग चढवलेला ‘नया दौर’ मला बघवत नाही, हे इथेच सांगून टाकते. जिथे सात पायऱ्या होत्या तिथे एक गुलाबी थर आला.)

ओळ संपली असेल तर सुया हात बदलून घे. टाका गळला असेल तर घाबरू नकोस. तो खाली शिडीसारखा उतरत जातो. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा उचलून त्याला वर आणता येतं. नवं डिझाइन घालायचं असेल तर चौकटीच्या कागदावर आधी आखून घे, एक चौकट म्हणजे एक टाका. सिनेमाची बॅनरं रंगवणारेही असंच करायचे. फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच मोठ्या कापडावर आखायच्या, आणि एका वेळी एकाच चौकटीत काय आहे ते उतरवायचं. चित्रकार हुसेन तरुणपणी मुंबईत हेच काम करत. इंदूरला देवळालीकर मास्तरांनी उभ्या केलेल्या कलाशाळेतून आलेले ते. चित्रकार बेंद्रेही तिथेच घडले. इंदूर तुला दूर नाही.

उद्या सकाळी वेळ काढून शाही किल्ल्यात जा. हमामात शिरल्यावर लगेच छताकडे बघू नकोस. आधी अंधार अंगवळणी पडू दे. मग विरत चाललेली नक्षी आपणहून दिसू लागते, आधी तांबूस, मग पाना-फुलांच्या रेषा. गाईड मुमताजची गोष्ट सांगतील. 1631 मध्ये ती याच शहरात वारली आणि ताजमहालाच्या जागी नेण्याआधी काही महिने तिचा देह तापीपल्याड झैनाबादच्या आहुखान्यात होता. गोष्ट ऐक, पण तिच्यासाठी मान खाली घालू नकोस. तू छत बघायला आली आहेस.

आता विणकाम बाजूला ठेव. टाके सुईवरच राहू देत, टोकाला रबर लाव म्हणजे निसटणार नाहीत. पेन्सिली घे: 2बी, 4बी, 6बी.

पण काढायला लागण्याआधी काळ्या-पांढऱ्याची एक गोष्ट ऐक. अशोककुमार हिरो होण्याआधी बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. गाडीनं इथून तासा-दीड तासावरच्या खंडव्यात वाढलेला गांगुलींचा हा थोरला मुलगा, 1936 चा ‘जीवन नैया’ मिळाला नसता तर कदाचित फिल्म धूतच राहिला असता. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदीचे क्षार असतात. उजेड लागला तिथली चांदी काळी होऊन राहते. लागलाच नाही तिथली हायपोच्या द्रावणात विरघळून जाते. प्रिंट काढताना सगळं उलटतं. म्हणजे पडद्यावर आपल्याला जो काळोख दिसतो, तो निगेटिव्हवर नितळ, रिकामी जागा असतो. जुन्या फिल्मा पुढे याच चांदीसाठी भंगारात गेल्या. ‘आलम आरा’ची एकही प्रिंट आज हाती नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जमेल तेवढं वाचवलं, म्हणून निदान राहिलेलं बघायला मिळतं.

स्केचबुकात मघाची विणलेली पट्टी काढ. कडा आखायच्या नाहीत. आधी फक्त कोरं काय ठेवायचं ते ठरव, माथ्यावरच्या त्या चार-पाच जागा. त्यांना पेन्सिल लागू द्यायची नाही. बाकीचं 2बीने हलक्या हातानं भरत जा. चौथ्या पायरीशी आलीस की थांबून पट्टी पुन्हा उजेडात धर. खाच वाटली होती तेवढी काळी आहे का, ते बघ, आणि मगच 6बी उचल.