देवाची इच्छा कशी ओळखावी?

शेत विकावें कीं ठेवावें, मुलगी कोणत्या घरीं द्यावी, गांवांत राहावें कीं मुंबईची वाट धरावी, असे प्रसंग प्रत्येकाच्या संसारांत येतात. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्य गुडघे टेकतो हें योग्यच आहे. परंतु प्रिय वाचकहो, त्या वेळीं आपण देवाला खरोखर विचारतों, कीं आधींच ठरविलेल्या गोष्टीवर त्याची मोहोर मागतों, हें प्रत्येकानें तपासून पाहिलें पाहिजे.

ह्याविषयीं माझाच अनुभव सांगतों. तरुणपणीं वडिलार्जित जमीन विकून शहरांत दुकान घालावें असें माझ्या मनानें घेतलें. मीं प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलें, आणि बोट पडलें तें उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायावर, जेथें अब्राहामाला देश व गणगोत सोडून निघण्याची आज्ञा होते. मला वाटलें, देव बोलला! पुस्तक दुसऱ्या ठिकाणीं उघडलें असतें तर मीं तें मिटून पुन्हां उघडलें असतें, हें आज मला कबूल केलें पाहिजे. आईला विचारलें नाहीं. धाकट्या भावाला सही करण्यापुरतें बोलाविलें. दोन वर्षांत दुकान बुडालें. माझें नुकसान झालें तें झालें, परंतु ज्या भावाचें पोट त्या जमिनीवर होतें तो दुसऱ्याच्या शेतांत मजुरीला गेला. आई एवढेंच म्हणाली, "बाळा, देवाला विचारलेंस, मग मला विचारायला काय झालें होतें?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा सीनाय पर्वतावरच दिलेली आहे. भावाचा वांटा बुडवूं नये हें समजण्यास दृष्टांताची गरज नव्हती. देवानें जें उघड सांगितलें आहे तें बाजूस ठेवून, जें सांगितलें नाहीं तें विचारीत बसणें, ह्याला मार्गदर्शन मागणें म्हणतां येत नाहीं.

कोंकणांत देवापुढें कौल लावण्याची चाल आहे. उजवा कौल मिळाला तर होकार, डावा मिळाला तर नकार. आपण ती चाल सोडली. पण चिठ्ठ्या टाकून किंवा शास्त्रावर बोट ठेवून आपण तोच कौल लावीत नाहीं काय? कोणी म्हणेल, गिदोनानें लोंकर ठेवली, आणि प्रेषितांनीं मत्थियाच्या निवडीसाठीं चिठ्ठ्या टाकल्या. खरें आहे. परंतु काय करावयाचें तें गिदोनाला आधींच सांगितलेलें होतें. लोंकर ही त्याच्या भित्रेपणाची खूण होती, व देवानें ती सोसून घेतली. मत्थियाच्या निवडीनंतर पवित्र आत्मा उतरला, आणि त्यापुढें प्रेषितांनीं चिठ्ठ्यांवर कांहीं ठरविल्याचें प्रेषितांच्या कृत्यांत आढळत नाहीं. पंधराव्या अध्यायांत यरुशलेमाच्या मंडळीपुढें मोठा वाद आला, तेव्हां त्यांनीं पेत्राचें ऐकलें, बर्णबा व पौल ह्यांचें ऐकलें, शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि मग एकमतानें निर्णय केला. पौलाला मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टांत झाला, तेव्हांहि तो व त्याचे सोबती मिळून त्याचा अर्थ ठरवूनच निघाले.

आणि तेथें त्यांना काय मिळालें? फिलिप्पैंत फटके आणि बंदिशाळा! म्हणून काम साधलें तर देवाची इच्छा, फसलें तर नव्हे, हें माप खोटें आहे. माझें दुकान चांगलें चाललें असतें, तरीहि माझी वागणूक चुकीचीच ठरली असती.

मग घरच्यांची संमति नसेल तर देवाची आज्ञा मोडावी काय? मुळींच नाहीं. नारायण वामन टिळकांनीं इ. स. १८९५ मध्यें मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळें पत्नी लक्ष्मीबाई ह्यांना वियोगाचें किती दुःख झालें तें त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथांत वाचावयास मिळतें. पुढें इ. स. १९०० मध्यें त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. जेथें प्रश्न प्रभूच्या मागें जाण्याचा असतो, तेथें जिवलगांचे अश्रूहि सोसावे लागतात. पण आपल्या दुकानदारीला अब्राहामाचा अंगरखा घालूं नये.

तर बंधुभगिनींनो, प्रार्थनेला बसण्यापूर्वीं आपल्या मनाला तीन गोष्टी विचाराव्या. देवानें 'नाहीं' म्हटलें तर तें ऐकण्याची माझी तयारी आहे काय? ह्या कामांत त्याची एखादी उघड आज्ञा मोडते काय? आणि ज्यांच्यावर ह्याचा भार पडणार, त्यांना मीं विचारलें आहे काय? मंडळींतील वडील माणसांचा सल्लाहि घ्यावा. इतकें करूनहि उजेड दिसला नाहीं, तर आजचें कर्तव्य करीत थांबावें. थांबणें हीहि आज्ञाधारकताच आहे.

माझ्या भावाच्या वांट्याचे पैसे मीं पुढें थोडेथोडे करून फेडले. त्याला अनेक वर्षें लागलीं. परंतु तें करावें कीं न करावें, हें मात्र मला देवाला विचारावें लागलें नाहीं.