राक्षसप्रेमी माणसांना काय द्यावं?

दिवाळी आठ दिवसांवर आली, की बँकेत काम करणाऱ्या माणसाचे नातेवाईक वाढतात. एरवी ज्यांना आमची शाखा कुठल्या रस्त्यावर आहे हे ठाऊक नसतं, ते काउंटरच्या काचेला नाक लावून उभे राहतात आणि विचारतात, "दहाच्या कोऱ्या नोटांचं एखादं बंडल जमेल का हो?" या प्रश्नात जे आर्जव असतं, ते घालून त्यांनी कर्ज मागितलं असतं, तर आमचे मॅनेजरसुद्धा विरघळले असते. कोरी नोट ही सर्वांत सोपी भेट. तिला माप लागत नाही, तिचा रंग जात नाही आणि 'माझ्याकडे एक आहे, दुसरी नको' असं आजवर कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

परंतु वाचकहो, काही माणसांना पाकीट देववत नाही. आपला ज्यांच्यावर जीव असतो ती ही माणसं. त्यांना पाकीट देणं म्हणजे 'तुला काय आवडतं याचा विचार मी केलेला नाही. तो तूच कर, खर्च तेवढा माझ्या नावे टाक' असं सांगणं. माझी भाची या वर्गात मोडते. वय वर्षं एकोणीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि वाचनाचा विषय राक्षस.

राक्षस हा शब्द मी ढोबळ अर्थाने वापरतो. त्यात ड्रॅगन, जादूगार, बोलणारी झाडं, ठेंगू लोक आणि नकाशात नसलेली राज्यं, सगळं आलं. याला फँटसी म्हणतात. मुळात पुस्तकवेड्या माणसाला पुस्तक देणं म्हणजे हलवायाकडे पेढे घेऊन जाणं. त्यातून ही फँटसीवाली मंडळी पुस्तक वाचत नाहीत, संच वाचतात. हॅरी पॉटरचे खंड सात. जॉर्ज मार्टिन नावाच्या गृहस्थांच्या मालिकेचा पहिला खंड 1996 साली आला, पाचवा 2011 साली, आणि त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी वाचक सहाव्याची वाट पाहत बसले. एवढा धीर मी फक्त बँक कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीच्या कराराबाबत पाहिला आहे. अशा माणसासाठी दुकानात जाऊन 'एक चांगलंसं राक्षसाचं पुस्तक द्या' म्हणणं व्यर्थ असतं. चांगलं असेल ते तिच्याकडे असतं. नसेल ते चांगलं नसतं. आणि चांगलं असून तिच्याकडे नाही असं सापडलंच, तर तो हमखास तिसरा खंड असतो.

मग माणूस पुस्तक सोडून पुस्तकाच्या नात्यागोत्याकडे वळतो. ड्रॅगनचा कान असलेला चहाचा मग, जादूगाराची छडी, तलवारीच्या आकाराचं कागद कापायचं सुरीवजा काहीतरी. हे सगळं पाहून मला आमच्या हेडकॅशियरची आठवण येते. त्यांना गणपती आवडतो असं कोणीतरी एकदा म्हटलं आणि तेव्हापासून त्यांच्या घरी एकशे सत्तावीस गणपती जमले आहेत. त्यांची भक्ती होती तेवढीच आहे, फक्त बसायला जागा उरली नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्राला या प्रश्नावर काय म्हणायचं आहे हे पाहणं मला भागच होतं. 1993 साली जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला मिळालेल्या भेटींची तुमच्या लेखी किंमत किती? निष्कर्ष असा निघाला, की भेटींच्या किमतीचा दहावा हिस्सा ते एक तृतीयांश हिस्सा देता-घेतानाच हवेत विरून जातो. मित्रांच्या भेटींत घट कमी. आजीआजोबा, काका, मामा, मावश्या यांच्या भेटींत जास्त. म्हणजे जगात सर्वांत जास्त नुकसान मामा करतात, हे आता शास्त्राने सिद्ध झालं आहे. कृष्णाने ते आधीच ओळखलं होतं.

मात्र या हिशेबात एक बारीक अट होती. भेटीची किंमत सांगताना त्यातला भावनेचा भाग वगळून सांगा, असं विद्यार्थ्यांना बजावलं होतं. हे म्हणजे लेजरची बेरीज करताना मागील पानावरून पुढे आणलेली रक्कम सोडून देण्यासारखं आहे. असं मी केलं असतं तर त्या दिवशी रात्रीपर्यंत मला घरी जाता आलं नसतं. त्यांचा शोधनिबंध छापून आला!

अर्थशास्त्राने असा हात टेकल्यावर प्रश्न नीतिशास्त्राकडे गेला. म्हणजे आमच्या भावोजींकडे. भावोजी शिस्तीचे. त्यांच्या मते भेट उपयोगी असावी. त्यांनी मुलीला गेल्या चार दिवाळ्यांत यशस्वी कसे व्हावे, वेळेचे नियोजन कसे करावे, माणसे कशी जिंकावीत आणि मनावर ताबा कसा ठेवावा अशी चार पुस्तकं दिली. चारही तिच्या टेबलाच्या एका लंगड्या पायाखाली आहेत, त्यामुळे ती निरुपयोगी ठरली असं म्हणता येत नाही.

"अरे, तिला काहीतरी कामाचं दे," भावोजी मला म्हणाले. "हे उडणारे राक्षस तिला नोकरी देणार आहेत का?"

"बाबा," भाची म्हणाली, "राक्षस नोकरी देत नाहीत, नोकरीत भेटतात. मामाच म्हणत होता."

मी फराळाच्या ताटात डोकं घातलं. पण भावोजींना हसून सोडून देणं मला बरं वाटत नाही. त्यांच्या बोलण्यात माया आहे. जिच्यावर आपलं प्रेम आहे तिचं भलं व्हावं, असं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. आणि 'ज्याला जे आवडतं ते द्यावं' हा नियमही वाटतो तितका सरळ नाही. माझ्या एका मित्राला तंबाखू आवडते. दिवाळीला मी त्याला तिचा डबा भरून देत नाही. मग आवडतं तेही द्यायचं नाही आणि हिताचं तेही द्यायचं नाही, तर द्यायचं काय?

मला वाटतं, इथे दोन खाती एकमेकांत मिसळली आहेत. मुलीची फी भरावी, चार शब्द सुनवावेत, रात्री दोनपर्यंत वाचत बसली तर दिवा मालवावा. हे सगळं मायेच्याच पोटी होतं, पण ते कर्तव्याच्या खात्यावर. भेटीचं खातं निराळं. कर्तव्य माणसाला सांगतं, तू कसं व्हायला हवंस. भेट सांगते, तू जशी आहेस तशी मी पाहिली आहे. एका खात्यातली रक्कम गुपचूप दुसऱ्यात वळवली, की त्याला आमच्याकडे ऑडिटर आक्षेप घेतो आणि मराठीत त्याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. घेणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याला ऑडिटरही होता येत नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाही, हे कोण विचारणार?

पुस्तकाच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. लाडू दिला तर तो खाऊन संपतो. शर्ट दिला तर अंगात घालायला अर्धा मिनिट लागतो. पुस्तक म्हणजे पुढच्या तारखेचा चेक; आणि तो वटतो देणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या खात्यातून! सहाशे पानांचं पुस्तक दिलं म्हणजे आपण तिला काही दिलं हे खरं, पण तिच्या आयुष्यातले वीस तास मागून घेतले हेही तितकंच खरं.

गंमत अशी, की देण्याघेण्यातल्या या सगळ्या खाचाखोचा त्या राक्षसांच्या पुस्तकांत आधीच लिहून ठेवलेल्या आहेत. हे मला उशिरा का होईना, पण भाचीमुळे कळलं. तिला काय द्यावं ते सुचेना, तेव्हा मी उलटाच उद्योग केला. तिच्याकडूनच एक पुस्तक वाचायला मागून घेतलं. टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन भागांत आलेलं, आणि तिन्ही भाग एकत्र बांधले तर चोराला हाणायला उपयोगी पडेल असं.

त्यात हॉबिट नावाचे ठेंगू लोक आहेत. त्यांच्यात वाढदिवस ज्याचा, तोच इतरांना भेटी देतो. त्यांतला बिल्बो नावाचा म्हातारा घर सोडून जाताना सगळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावून भेटी ठेवतो. ज्या नातेवाइकाने आयुष्यभर पुस्तकं उसनी नेली आणि परत आणली नाहीत, त्याला तो देतो पुस्तकांचं रिकामं कपाट. ज्या बाईने पन्नासाहून अधिक वर्षं सल्ल्याची पत्रं पाठवली, तिला केराची टोपली. हे वाचून मी इतका हसलो, की शेजारच्यांनी कडी वाजवली. ही चिमटा काढणारी भेट. दुसरा एक गॉलम. त्याच्या मित्राला नदीत अंगठी सापडते. आज माझा वाढदिवस, ती मला दे, म्हणून हा हट्ट धरतो, मित्राचा गळा दाबतो आणि पुढे शेकडो वर्षं त्या अंगठीला माझी वाढदिवसाची भेट म्हणत राहतो. ही ओरबाडलेली भेट. आणि तिसरा सॅम, माळी. बरोबरच्या वीरांना बाकीच्या भारी वस्तू मिळतात. त्याला ती वनातली राणी देते साध्या लाकडी डबीत आपल्या बागेतली माती. बाजारात त्या मातीची किंमत शून्य. पण ती राणी ओळखते, की हा माणूस तलवारीचा नाही, कुदळीचा आहे. पुढे उजाड झालेला सगळा गाव तो त्या मातीवर पुन्हा हिरवा करतो. भेट म्हणजे काय, हे मला त्या डबीइतकं कोणी नीट सांगितलं नव्हतं.

हे वाचता वाचता माझ्या मनात आपला वेताळ जागा झाला. भावोजी हे राक्षस परदेशी म्हणून नाक मुरडतात, पण मराठी कादंबरी अगदी लहान होती, त्या 1860 च्या दशकात 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' अशा अद्भुताच्या बाळगुटीवरच ती वाढली. आणि वेताळाची गोष्ट तर त्याहून कितीतरी जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती 'कथासरित्सागरा'त घेतली, आणि त्यातला राजा राहतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात!

त्या गोष्टीची सुरुवातच मुळी भेटीने होते. एक भिक्षू दरबारात रोज येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते कोषाध्यक्षाकडे देतो. कोषाध्यक्ष दार न उघडताच खिडकीतून ते आत टाकतो. आवक नोंद नाही, पावती नाही. त्या माणसाची चौकशी व्हायला हवी होती. असं दहा वर्षं चालतं. एक दिवस एक माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न बाहेर पडतं. कोठार उघडून पाहतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग तसाच लखलखतो आहे. पण भिक्षूचा हेतू? त्याला राजाचाच बळी द्यायचा असतो. म्हणजे देणाऱ्याचा हेतू वाईट, घेणाऱ्याचं लक्ष नाही आणि तरीही भेट मात्र अस्सल. हे कोडं वेताळाने पंचवीस गोष्टींत घालायचं राहून गेलं, एवढंच.

शेवटी मी भाचीला वेताळपंचविशीच दिली. तिच्याकडे जगातले सगळे राक्षस होते, पैठणचा तेवढा नव्हता. देताना मनात चोरटी शंका होतीच, की ही भेट आहे की 'आपलं तेही वाच' हा उपदेश? त्यावर मी एक कसोटी शोधली आहे, ती वाचकांना फुकट देतो. हिने हे पुस्तक कधीच वाचलं नाही तर मला राग येईल का, असं देण्यापूर्वी स्वतःला विचारावं. राग येणार असेल, तर ती भेट नव्हे, ते कर्ज. भेट म्हणजे मंजुरीच्या दिवशीच बुडीत खात्यात टाकलेलं कर्ज. तेही आमच्या बँकेच्या पद्धतीने नव्हे, कारण आमच्याकडे बुडीत खात्यात टाकल्यावरही वसुलीची पत्रं जातच राहतात. 'वाचलंस का?' हे असंच एक वसुलीचं पत्र.

तेव्हा मी विचारत नाही. उलट तीच दर रविवारी फोन करून विचारते, "मामा, कुठवर आलास?" तिच्या टॉल्किनचे अजून तीनशे चाळीस पानं येणं बाकी आहेत आणि तिची वसुली कडक आहे. वेताळपंचविशी तिच्या फडताळात दोन जाड ड्रॅगनांच्या मधे उभी आहे. पानं अजून कोरी दिसतात. असू देत. माकड यायचं तेव्हा येईल.