कसूर कोणाचा, देणे कोणाचे

बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या पाळीच्या सुमारास उभे राहिले, तर पुढच्या लोखंडी बूमला पाइपांचा भारा टांगून भर रहदारीतून सावकाश चाललेला एखादा ‘हायड्रा’, म्हणजे चाकांवरची क्रेन, हटकून दृष्टीस पडतो. आणि भारा हेलकावू नये म्हणून त्याला बांधलेली दोरी हातात धरून, कधी पुढे तोंड करून तर कधी उलट्या पावली, त्याच्या सोबतीने चालणारा एक हेल्परही दिसतो, ज्याच्या डोक्यावर क्वचित हेल्मेट असते आणि पायांत बहुधा रबरी चपला असतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या दृश्याचे काही वाटेनासे झाले आहे. एखाद्या दिवशी त्या भाऱ्याचा पट्टा तुटला आणि भारा या हेल्परच्या पायावर आला, तर त्यानंतरच्या तासाभरात त्या जागी जो प्रश्न सर्वांच्या आधी विचारला जाईल, त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

तो प्रश्न म्हणजे, चूक कोणाची? क्रेनच्या कामाची रचनाच अशी आहे की या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणीही बांधील राहू नये. क्रेन एका मालकाची, ती चालकासकट दिवसाच्या भाड्याने आणलेली. भारा बांधणारे खलाशी दुसऱ्या कंत्राटदाराचे. खाली उभे राहून ‘हबेस’ नि ‘आरिया’ असे पुकारीत भारा चढवावयास व उतरवावयास सांगणारा इसम तिसऱ्याच मुकादमाने त्या सकाळी नाक्यावरून उचलून आणलेला. आणि ज्या आवारात हे सर्व चालले ते आवार चौथ्याच कंपनीचे. चालक म्हणतो, मला इशारा मिळाला म्हणून मी भारा सोडला. इशारा देणारा म्हणतो, चालकाने माझ्याकडे पाहिलेच नाही. कंत्राटदार म्हणतो, पट्टा कंपनीच्या भांडारातला होता. आणि कंपनीचा अधिकारी करारनाम्याची प्रत काढून दाखवतो, जीत सर्व जोखीम कंत्राटदाराच्या माथी मारलेली असते. असे होता होता कसूर अखेर त्याच्याच पदरात येऊन पडतो, जो इस्पितळात शुद्धीवर नसल्यामुळे खुलासा करू शकत नाही. ‘तो भाऱ्याखाली गेलाच कशाला?’ या एका वाक्यावर बैठक उठते.

इंग्लंडात १८३७ साली एका खटल्यातून असे तत्त्व रूढ झाले की, सहकाऱ्याच्या गफलतीने कामगार जखमी झाला तर धनी जबाबदार नाही, कारण नोकरी पत्करतानाच त्याने तेवढा धोका पत्करलेला असतो. हे तत्त्व पुढे दोन पिढ्या कामगारांच्या मानगुटीवर बसले. जर्मनीने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा केला, इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा, आणि ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत असतानाच्या काळात, १९२३ साली, हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा अधिनियम संमत झाला. या अधिनियमाचा मला सर्वांत मोठा वाटणारा विशेष त्याच्या तिसऱ्या कलमात आहे: दुखापत नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली असली, की धन्याचे देणे उत्पन्न झाले, धन्याने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करण्याची गरज नाही आणि कामगार बेसावध होता हा बचाव चालत नाही. कामगार नशेत होता, त्याने हुकूम मुद्दाम मोडला किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले, असे मोजके अपवाद आहेत खरे. पण मृत्यू ओढवला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तेही अपवाद गळून पडतात. यंत्राच्या सान्निध्यात दहा तास राबणारा माणूस केव्हा तरी बेसावध होणारच, हे मनुष्यस्वभावाचे सत्य कायद्याने शंभर वर्षांपूर्वी हिशेबात धरले. आपण मात्र अजून पंचनाम्याच्या जागी उभे राहून त्या बिचाऱ्याचा निष्काळजीपणा मोजीत असतो.

पालघर जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या शहापूर तालुक्यात, सरळांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसविणारी अजस्र यंत्रणा गर्डरसह कोसळली आणि वीस माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी राज्य शासनाकडून प्रत्येकी पाच लाखांची आणि पंतप्रधानांच्या निधीतून प्रत्येकी दोन लाखांची मदत जाहीर झाली; ते आकडे सर्व वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून आले, वाचकांनी सुस्कारा सोडला, आणि प्रकरण आपल्या मनापुरते मिटले. त्या मदतीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु पंचवीस वर्षे वयाचा, महिना पंधरा हजार रुपये वेतन मिळविणारा कामगार अशा अपघातात गेला, तर त्याच्या वारसांना धन्याकडून किती येणे होते, याचा हिशेब अधिनियमाच्या परिशिष्टातच दिलेला आहे: वेतनाचा अर्धा भाग, म्हणजे साडेसात हजार, गुणिले त्या वयाचा २१६.९१ हा गुणक, म्हणजे सोळा लाख सव्वीस हजार आठशे पंचवीस रुपये. तो जिवंत राहून कायमचा निकामी झाला, तर अर्ध्याऐवजी वेतनाचे साठ टक्के धरावयाचे, आणि रक्कम साडेएकोणीस लाखांच्या पुढे जाते. नुसता अंगठा गेला, तर या दुसऱ्या रकमेचे तीस टक्के. शासनाची मदत या देण्याहून वेगळी आहे. ती मिळाली म्हणून धन्याचे देणे एका पैशानेही कमी होत नाही. जी रक्कम कृपेने मिळते तिचा डांगोरा पिटला जातो आणि जी हक्काने मिळावयाची ती कोणी उच्चारीतही नाही, ही आपल्या सार्वजनिक करुणेची रीत मला चमत्कारिक वाटते.

ही रक्कम न उच्चारण्यात कोणाचा तरी फायदा असतोच. अपघातानंतर आठवडाभराने, खाटेवरचा माणूस जरा बोलू लागला, की कंत्राटदाराचा माणूस फळे आणि स्टँपपेपर घेऊन येतो. मजकूर मराठीत किंवा इंग्रजीत टंकलिखित असतो, वाचणारा बहुधा ओडिशाचा, झारखंडचा किंवा जव्हार-मोखाड्याचा असतो. ‘माझ्या चुकीने अपघात झाला, औषधपाण्याचा सर्व खर्च मालकाने केला, अमुक इतकी रक्कम राजीखुशीने मिळाली, यापुढे माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असा त्याचा सारांश असतो, आणि ज्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा त्याखाली उमटतो. कंत्राटदार प्रत्येक वेळी दुष्टच असतो असे मी म्हणणार नाही. इस्पितळाचे बिल त्याने खरोखर भरलेले असते, गावाकडून आलेल्या बायकोला खोली घेऊन दिलेली असते, आणि त्याचे स्वतःचेही बिल कंपनीकडे चार महिने अडकलेले असते. पण ज्या दयेला शेवटी सही हवी असते तिचे मोल दया म्हणून धरता येत नाही. कायद्यालाही हे माहीत होते; म्हणूनच कलम १७ ने असे सर्व हक्कसोडीचे करार मुळातच रद्दबातल ठरविले आहेत, आणि कलम ८ ने सांगितले आहे की, मृत्यूच्या प्रकरणी रक्कम भरपाई आयुक्तांकडे जमा केली पाहिजे; धन्याने वारसांच्या हाती परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनाएवढ्या उचलीखेरीज, भरपाईत धरले जाणार नाहीत. तेव्हा तो ठसा उमटला तरी दाव्याचे दार लागत नाही. हे त्या खाटेजवळच्या बायकोला कोणी सांगावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

कंत्राटांच्या साखळीचेही कायद्याला भय वाटलेले नाही. स्वतःच्या धंद्याचे काम, स्वतःच्या ताब्यातील जागेत, ज्याने कंत्राटदाराकडून करवून घेतले, तो मूळ मालकच कलम १२ अन्वये कामगाराला देणे लागतो. मग त्याने ते कंत्राटदाराकडून वसूल करावे, तो त्या दोघांचा मामला. नाक्यावरून त्याच दिवशी आणलेल्या रोजंदारीच्या माणसालाही २००० सालच्या दुरुस्तीपासून हा हक्क आहे. मात्र कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली नोंदलेला असेल, तर भरपाईचा दावा लावता येत नाही. त्याऐवजी विमा महामंडळाकडून वेतनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास अपंगत्वाचा लाभ मिळतो, आणि त्यासाठी वर्गणीची काही मुदत भरलेली असण्याची अट नाही, नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतो. हायड्रा हे मोटार वाहन असल्याने त्याने सार्वजनिक रस्त्यावर इजा केली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते. पण तो आणि भरपाईचा असे दोन्ही मार्ग एकदम धरता येत नाहीत, एक निवडावा लागतो, आणि न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत सहाच महिन्यांची आहे. भरपाईच्या दाव्याला दोन वर्षे मिळतात, आणि जखमी माणूस गावी परतला असेल तर जेथे तो राहतो तेथील आयुक्तांकडेही तो दाखल करता येतो. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे, त्याचे उत्पन्न काहीही असो. पोलिसांत निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदविला जातो, तो वेगळा. चालकाला शिक्षा झाली म्हणून कोणाची चूल पेटत नाही, आणि तो सुटला म्हणून भरपाई बुडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकालात काढलेले एक प्रकरण येथे सांगण्याजोगे आहे. ओडिशात एका सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार जखमी झाला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला. धन्याचे म्हणणे असे की, परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, त्याचे ठरलेले टक्के घ्या आणि मोकळे व्हा. न्यायालयाने आयुक्तांचा साधा विचार उचलून धरला: सुतारकाम एका हाताने होत नाही, सबब हा सुतार म्हणून पूर्ण निकामी झाला आहे. त्याच निकालाने हेही ठरले की, देणे उत्पन्न होते ते अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. अधिनियमाप्रमाणे महिन्याभरात ते न भरल्यास बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. खलाशाचा हात किंवा पाय गेला असता हा निकाल त्याच्या वकिलाच्या हाती असला पाहिजे. तक्त्यातील टक्केवारी दाखवून त्याची बोळवण करणारे पुष्कळ भेटतील. दावे तीन महिन्यांत निकाली काढावेत असेही कायदा म्हणतो. कामगार न्यायालयाच्या तारखांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी येथे हसू आवरावे.

भरपाई कितीही मिळाली तरी गेलेला पाय येत नाही, आणि तो जाऊ नये याची तजवीजही लिहिलेली होतीच. प्रत्येक क्रेनची, साखळीची, दोराची आणि पट्ट्याची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी व्हावी, तिच्यावर सुरक्षित भाराचा आकडा स्पष्ट लिहिलेला असावा, रुळांवरून धावणारी क्रेन त्या मार्गावर काम करणाऱ्या माणसाच्या सहा मीटर आत येऊ नये, हे कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने १९४८ पासून घालून दिले. प्रत्यक्षात तारेच्या दोराची एखादी लड तुटून तिची टोके बाहेर आलेली असतात, आणि खलाशी त्या जागी चिंधी गुंडाळतो. हाताला टोचू नये म्हणून. तपासणीला आलेल्या माणसाला मग ती चिंधीच दिसते.

हे सारे येथे आता लिहिण्याचे कारण उघड आहे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरात झाली. बुलेट ट्रेनचे चाळीस मीटर लांबीचे, सुमारे ९७० टनांचे गर्डर या जिल्ह्यातून उचलून बसविले जावयाचे आहेत. बोईसरला तिचे स्थानक होते आहे. पुढली दहा-पंधरा वर्षे या किनाऱ्यावर जेवढ्या क्रेन उभ्या राहतील तेवढ्या तारापूरचे अणुवीज केंद्र बांधतानाही राहिल्या नसतील. दरम्यान ज्यांची कलमे वर दिली ते जुने अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून जाऊन श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. भरपाईचा गाभा सामाजिक सुरक्षा संहितेने बहुतांशी तसाच उचलला असून घरून कामावर येता-जाताना झालेल्या अपघाताचीही दखल घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, एवढ्या सबबीवर काही काळ टोलवाटोलवी होईल, ती ओळखून असावे.

२०१७ साली जुन्या अधिनियमात एक लहानशी भर पडली होती, तिचा अंमल मी तरी कोठे पाहिलेला नाही: कामावर घेतानाच प्रत्येक कामगाराला त्याचा भरपाईचा हक्क लेखी कळवावा, इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत, त्याला समजेल असा, न कळविल्यास धन्याला पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दंड. मस्टरवर नाव चढते, आधार कार्डाची प्रत घेतली जाते, हेल्मेटचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात. त्याच टेबलावर हा एक कागद ठेवावयास छपाईखेरीज काही खर्च नाही. ओडिशातल्या गंजामहून आलेल्या खलाशाला त्या तिन्ही भाषा वाचता येत नसतील, तर मुकादमाने तो वाचून दाखवावा, आणि वाचताना रकमेच्या ओळीपाशी थांबू नये.