घरचा रस्ता: आधी पाणी, मग माती, मग जाडी

मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर
कार्तिक वद्य पंचमी

चि. भाच्यास,

तुझे पत्र मिळाले, सोबतचे ठेकेदाराचे कोटेशनही वाचले. डांबरी सडकेपासून आपल्या पाच घरांपर्यंतचा २५० मीटरचा रस्ता भावकीने वर्गणी काढून करायचा ठरवलात, याचे मला फार समाधान वाटले. आक्काला आजारपणात खुर्चीत बसवून सडकेपर्यंत आणावे लागले होते. तशी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

ठेकेदार ४ इंच पीसीसी, म्हणजे साधे काँक्रीट, पुरेल म्हणतो, तुझे चुलते ६ इंच हवे म्हणतात, आणि खरे किती, असे तू विचारतोस. आकडा मी सांगतोच. पण कोटेशनात काँक्रीटचा दर आहे, लोखंडी जाळीचा दर आहे, आणि जमीन तयार करायला एक रुपयाही धरलेला नाही. माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली. वरचा थर पातळ पडला म्हणून मोडलेले रस्ते मी पाहिले, पण खालची जमीन भिजून बसली म्हणून मोडलेले त्याहून कितीतरी जास्त पाहिले. म्हणून आधी पाण्याचा विचार कर, मग मातीचा, मग जाडीचा. वरचा थर कशाचा करायचा हे शेवटी ठरव.

आपण ज्याला खडीकरण म्हणतो ती पद्धत स्कॉटलंडच्या जॉन मॅकॲडमची. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. तेव्हा रस्त्याखाली मोठमोठे धोंडे बसवण्याची रीत होती. मॅकॲडमचे म्हणणे असे की, भार शेवटी जमीनच उचलते; ती कोरडी राखली, तर वर नीट बसवलेली बारीक खडी पुरते. दोनशे वर्षांत यंत्रे बदलली, पण हे सूत्र तसेच टिकून आहे. आपल्याकडे मात्र जमीन कोरडी राखणे सोपे नाही. आंब्याकडून बांबवड्याकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होतो हे खरे, पण आपली वाडी मलकापूरच्या पश्चिमेला, पावसाच्या तोंडावरच आहे. २०२१ च्या जुलैत आंबा घाटात रस्ता खचला आणि अवजड वाहतूक थांबवावी लागली. राष्ट्रीय महामार्गाची ही गत झाली, तर आपल्या वाडीच्या रस्त्याचे काय?

जमिनीत अजून ओल आहे तोवर सगळा रस्ता एकदा पायी चाल आणि चुलत्यांना सोबत घे. डोंगरउताराचे पाणी कुठून येते, श्रावणात उपळ कुठे फुटतात, खाचरात पाणी किती चढते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. या तिन्ही जागांवर खुंट्या ठोकून ठेव. रस्त्याच्या वरच्या अंगाला सलग चर काढा. चराचा तळ मुरमाच्या थराच्या तळापेक्षा किमान १ फूट खाली हवा, नाहीतर चरातले पाणीच रस्त्याखाली झिरपेल. जिथे ओघळ रस्ता ओलांडते तिथे ह्यूम पाईप टाका. पाईप ६०० मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका. लहान पाईप पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने तुंबतो आणि पाणी रस्त्यावरून वाहते. पाईपवर दोन फूट दाबलेला भराव राहील एवढी उंची धरा. खाचराच्या कडेने जाणारा भाग साचलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान २ फूट उंच राहिला पाहिजे.

एक चूक गावोगाव होते, ती तुम्ही करू नका. ३ मीटर रुंदीचा चर खणतात, त्यात मुरूम-खडी भरतात आणि दोन्ही बाजूंची माती तशीच उभी ठेवतात. मग रस्ता म्हणजे जमिनीत पुरलेला हौद होतो. वरून, बाजूने येणारे पाणी त्या खडीत साठते, त्याला वाट मिळत नाही आणि खालची माती पावसाळाभर भिजत राहते. म्हणून मुरमाचा थर साईडपट्टीसकट पूर्ण रुंदीत, थेट चराच्या कडेपर्यंत न्यायचा. आत शिरलेले पाणी बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते.

आता मातीकडे वळू. आपल्या रस्त्यावर दोन जमिनी आहेत. वरचा भाग तांबडा, जांभ्याचा. खाली खाचराजवळचा साधारण ८० मीटरचा भाग काळा. दोन्हींना एकच जाडी लावली, तर वरच्या भागात पैसा वाया जाईल आणि खालच्या भागात रस्ता. दर ५० मीटरला आणि मातीचा रंग बदलतो तिथे कमरेएवढे खड्डे घे. प्रत्येक खड्ड्यातली माती भिजवून हाताने वळून बघ. पेन्सिलीहून बारीक वळी न तुटता होत असेल, तर तीत चिकणमाती जास्त आहे. काळ्या मातीची आणखी एक परीक्षा घरी होते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घे. सारख्या मापाच्या दोन अरुंद काचपात्रांत १०-१० ग्रॅम टाक. एकात पाणी ओत, दुसऱ्यात रॉकेल. नीट ढवळ आणि एक दिवस स्थिर ठेव. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलातल्या थरापेक्षा दीडपट किंवा जास्त चढला, तर ती माती पावसात फुगणार आणि चैत्रात भेगाळणार. तिच्यावर थेट काँक्रीट टाकणे म्हणजे पैसे खाचरात टाकणे.

एवढे झाले की दोन्ही मातींची पोती कोल्हापूरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन सी.बी.आर. चाचणी करून घे. ही रीत १९२० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्यात निघाली. दाबलेल्या मातीत लोखंडी दट्ट्या घुसवायला किती जोर लागतो, ते प्रमाण म्हणून धरलेल्या खडीशी ताडून टक्क्यांत सांगतात. नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मगच चाचणी घ्यायला सांग. कोरड्या मातीचा आकडा कितीही चांगला आला, तरी आपल्या तालुक्यात तो निरुपयोगी आहे. आपल्याला जुलैतली जमीन मोजायची आहे. काळी माती भिजल्यावर २-३ टक्क्यांवर येते; चांगला मुरूम १० टक्के किंवा वर राहतो. जाडीतला सगळा फरक इथून निघतो.

जाडी ठरवण्याआधी आणखी एक विचार कर: या रस्त्यावरून सर्वांत जड काय जाणार? तू लिहितोस, दोन मोटारी आणि चार दुचाकी. पण त्यांच्यासाठी जाडी ठरत नाही. पुढच्या तीन वर्षांत तीन घरे बांधायची आहेत. म्हणजे वाळूचे डंपर, चिऱ्यांचे ट्रक, सळईची गाडी याच रस्त्याने येणार. हंगामात उसाचे ट्रॅक्टर आहेतच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम असा की, आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची हानी साधारण सोळापट होते, म्हणजे चौथ्या घाताने वाढते. लहान मोटारीच्या एका आसावर अर्धा टन भार धर आणि भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसावर १० टन. वजन वीसपट, पण हानी १,६०,००० पट. तुमच्या मोटारी जन्मभर जेवढा रस्ता झिजवतील त्याहून जास्त एका घराचे बांधकाम झिजवेल. म्हणून जाडी डंपरवरून ठरवायची.

आता आकडे लिहून ठेव. कोणताही भाग असो, मुळे आणि गवतासकट वरची १५ सेंटिमीटर माती आधी खरवडून काढा. ती शेतात टाका, भरावात नको. वरच्या जांभट भागात भिजलेला सी.बी.आर. १० च्या आसपास आला, तर त्या जमिनीवर रोलर फिरवून १० सेंटिमीटर मुरूम आणि त्यावर १५ सेंटिमीटर खडी घ्या. खडी एकदम टाकू नका. ७५ मिलिमीटरचे दोन थर करा. आकडा ५-६ वर आला, तर मुरूम १५ सेंटिमीटर करा. काळ्या भागात आणखी ३० सेंटिमीटर माती काढून तिथे निवडक मुरूम दोन थरांत दाबून बसवा, त्यावर १५ सेंटिमीटर मुरूम आणि १५ सेंटिमीटर खडी. साईडपट्टीसकट साडेचार मीटर रुंदी धरली, तर ८० मीटरमधल्या त्या ३० सेंटिमीटरला दाबलेला १०८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३८ ब्रास मुरूम लागतो. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून ४८ ते ५० ब्रास मागवावा लागेल. हा खर्च बघून चुलते बिचकतील. त्यांना सांग, हाच खर्च रस्ता वाचवणार आहे. जांभ्याची खडी वापरायची असेल, तर दगड एक दिवस पाण्यात ठेवून हातोडीने फोडून बघ. भुगा झाला तर तो रोलरखालीही भुगाच होणार. त्यापेक्षा काळ्या दगडाची खडी आण.

दाबाईत सर्वांत जास्त फसवणूक होते. जेसीबीचा बकेट आपटणे म्हणजे दाबाई नव्हे. ८ ते १० टनांचा रोलर भाड्याने आणा. सैल मुरूम २० सेंटिमीटर पसरा, दाबून तो १५ पर्यंत आला पाहिजे, मगच पुढचा थर. पाणी वाफशाइतके हवे. मुठीत दाबलेला गोळा टिकला, आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर दोन-तीन तुकडे झाला, की रोलर सुरू करा. भुगा झाला तर पाणी शिंपडा. चपटा होऊन चिकटला तर सुकू द्या. शेवटी भरलेली ट्रॉली सावकाश चालवून चाकाशेजारी बसून बघ. जमीन दबून पुन्हा वर येत असेल, तर तेवढा तुकडा खणून काढा. खालची ओल वर कितीही काँक्रीट टाकले तरी जात नाही.

वरचा थर काँक्रीटचा करायचा असेल, तर ४ इंच नाही म्हणजे नाही. ग्रामीण सिमेंट रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी पुस्तिका आहे, तिच्यात किमान जाडी १५० मिलिमीटर, म्हणजे ६ इंच धरली आहे. तुझे चुलते बरोबर आहेत. २५० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ११२.५ घनमीटर एम-३० काँक्रीट. जाळी घातल्याने ४ इंचांचे ६ इंच होत नाहीत. जाळी फक्त तडकलेले तुकडे एकत्र धरते. ते पैसे मुरमाला लाव. काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद अंथरा, ३ ते ४ मीटरवर सांधे एका दिवसाच्या आत कापा, सांध्याची खोली जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी ठेवा, आणि निदान १४ दिवस पाणी मारा. ओतताना सैल व्हावे म्हणून कुणालाही पाणी घालू देऊ नकोस. डांबराचा २० मिलिमीटरचा कार्पेट स्वस्त पडेल, पण तो पाणी अडवायला असतो, भार उचलायला नव्हे. सावलीच्या आणि पाझराच्या जागी तो लवकर उखडतो. मध्यभाग कडेपेक्षा काँक्रीटला ३, डांबराला ४ आणि नुसत्या खडीला ६ सेंटिमीटर उंच ठेवा.

सगळा पैसा आज जमणार नसेल, तर जमिनीच्या कामात काटकसर करू नका, वरचा थर पुढे ढकला. यंदा फेब्रुवारीपर्यंत चर, मोऱ्या, मुरूम आणि खडीकरण पुरे करा. त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या, घरांचे डंपरही जाऊ द्यात. जिथे खचेल तिथे पुढच्या दिवाळीनंतर दुरुस्ती करा, आणि शेवटचे घर उभे राहिले की काँक्रीट ओता. तोवर रस्त्यावर धूळ असेल, थोडे खड्डे पडतील, बायकामाणसे कुरकुरतील; पण काँक्रीट एकदाच करावे लागेल.

कागदाचेही बघ. सातबारावर वनाची नोंद नाही ना, हे तलाठ्याकडून खात्री करून घे. मुरूम रॉयल्टी भरलेलाच आण. विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो. रस्त्याखाली जाणाऱ्या जमिनीची सगळ्या भावकीची लेखी संमती आत्ताच घे. आज सगळे एकत्र आहात, उद्याच्या पिढीत असालच असे नाही.

ठेकेदाराशी भांडू नकोस. त्याच्याकडून नवे कोटेशन माग. त्यात चराची खोली, पाईपचा व्यास, प्रत्येक थराची दाबलेली जाडी आणि रोलरचे वजन या चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून मिळाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक थर झाकण्याआधी घरातल्या कुणीतरी तो मोजला पाहिजे. हे त्याला मान्य नसेल, तर दुसरा ठेकेदार शोध. मुरूम टाकायच्या दिवशी मला कळव, मी स्वतः येईन. हे पत्र आक्काला आणि चुलत्यांना वाचून दाखव आणि खड्डे याच आठवड्यात घे. पुढच्या आठवड्यात माती वाळेल आणि पाण्याच्या खुणा दिसेनाशा होतील.

तुझा,
मामा