शांत वाहिनीचा भरवसा

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या मंचांवरून निघालेल्या तेलाच्या आणि वायूच्या वाहिन्या समुद्रतळावरून सुमारे 200 किलोमीटर येऊन उरणला किनाऱ्यावर चढतात. वर कोळ्यांच्या होड्या ये-जा करतात, खाली तेल वाहत असते आणि वर्षानुवर्षे काहीही घडत नाही. हे काही न घडणे आपण वाहिनी सुस्थितीत असल्याचा पुरावा समजतो. तो पुरावा नाही, ही या क्षेत्रातल्या देखभालीची पहिली शिकवण आहे. वाहिनी गळत नाही याचा अर्थ ती आज गळत नाही, एवढाच. तिच्या भिंतीत किती पोलाद शिल्लक आहे, हे त्यावरून कळत नाही.

पोलादाचा स्वभाव लक्षात घेतला की हे पटते. खनिजातले लोखंड ऑक्सिजनपासून सोडवण्यासाठी भट्टीत प्रचंड उष्णता खर्चावी लागते. पाणी आणि हवा भेटली की ते लोखंड पुन्हा मूळ अवस्थेकडे निघते. ही ओढ कायमची थांबवता येत नाही, मंद करता येते. म्हणून समुद्रातल्या वाहिनीवर लेप असतो आणि तिच्या अंगावर ठरावीक अंतराने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची कडी बसवलेली असतात. वाहिनीऐवजी ही कडी झिजतात. या युक्तीचे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी मांडले होते. पण झिजणारे कडे एक दिवस संपते. म्हणजे संरक्षणावरही पहारा लागतो.

बाहेरून होणाऱ्या हल्ल्यापेक्षा आतला अधिक फसवा असतो. विहिरीतून नुसते तेल येत नाही. सोबत खारे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कधी हायड्रोजन सल्फाइडही येतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते. तेलक्षेत्र जुने होत जाते तसतसे तेल घटते आणि पाण्याचा वाटा वाढतो. प्रवाह संथ झाला की पाणी आणि गाळ वाहिनीच्या तळाशी बसतो, त्या गाळाखाली जिवाणू वाढतात आणि पोलादाला खड्डे पडू लागतात. बाकी सगळी भिंत जवळजवळ जशीच्या तशी असते, एखादा खड्डा मात्र आरपार जायच्या बेतात येतो. वाळवीने पोखरलेल्या वाशाचा रंग वरून शाबूत दिसावा, तसे हे असते.

अलास्काच्या प्रुधो बे तेलक्षेत्रात नेमके हेच झाले. उत्पादन घटल्यामुळे 34 इंच व्यासाच्या वाहिनीतला प्रवाह संथ झाला होता आणि तळाशी गाळ साचत होता. वाहिनी चालवणारी बीपी कंपनी काहीच तपासत नव्हती, असे नाही. ठरावीक जागी बाहेरून जाडी मोजली जात होती, गंज रोखणारी रसायने सोडली जात होती. परंतु निवडक जागांची मोजणी त्या जागांपुरतीच खरी असते. वाहिनीच्या आतून शेवटची सलग तपासणी 1998 मध्ये झाली होती. 2 मार्च 2006 रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याला तेलाचा वास आला, तेव्हा बर्फाखाली किमान पाच दिवस गळती चालू होती. एका लहानशा भोकातून 2 लाख गॅलनहून अधिक तेल टुंड्रावर पसरले. पुढच्याच वर्षी बीपीच्या अलास्कातील कंपनीने न्यायालयात गुन्हा मान्य केला आणि दंड व भरपाई मिळून 2 कोटी डॉलर भरले.

सलग तपासणी करणाऱ्या यंत्राला या क्षेत्रात पिग म्हणतात. ते वाहिनीत सोडले की तेलाच्याच दाबाने पुढे सरकते. साधा पिग गाळ खरवडून काढतो. मोजणारा पिग भिंतीला चुंबकीय करत जातो. जिथे पोलाद पातळ झाले असेल तिथे चुंबकीय क्षेत्र भिंतीबाहेर सांडते आणि ती जागा नोंदली जाते. पण नोंद म्हणजे उत्तर नव्हे. खड्डा किती खोल आहे, मागच्या तपासणीपासून किती वाढला, आजच्या दाबाला ही भिंत कोणत्या वर्षापर्यंत टिकेल, हा हिशेब अभियंत्याने मांडावा लागतो. त्या हिशेबातून तारीख निघते: या तारखेच्या आत दुरुस्ती, नाहीतर दाब कमी. अशी तारीख ज्या वाहिनीला आहे, तिच्याच शांततेवर भरवसा ठेवता येतो.

ही तारीख काढली नाही तर काय होते, ते आपल्या देशाने 27 जून 2014 रोजी पाहिले. आंध्र प्रदेशातील तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात गेल या कंपनीची वायुवाहिनी पहाटे फुटली. वायू वस्तीत पसरला, पेटला आणि वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या त्या वाहिनीतून पाणी मिसळलेला वायू जात होता आणि पोलाद आतून खात होता. तिला आधीही गळती लागली होती. गळतीच्या जागी पट्टी आवळली की वाहिनी पुन्हा गप्प होते, पण गंजाचे कारण आत तसेच राहते. दुरुस्ती आणि देखभाल यांतला फरक एवढा मोठा आहे. दुरुस्तीने लक्षण जाते. देखभाल कारणाचा पाठपुरावा करते.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. मुंबई हायमधून 1976 पासून उत्पादन चालू आहे आणि तिथल्या अनेक मंचांनी आपले आखलेले आयुष्य केव्हाच ओलांडले आहे. मुंबई-पुण्यातल्या रस्त्यांखालून घरगुती वायूच्या वाहिन्या जातात. जुने म्हणजे धोक्याचे असे मुळीच नाही. मोजलेले आणि वेळेवर बदललेले जुने सामान, न तपासलेल्या नव्या सामानापेक्षा सुरक्षित असते. त्यासाठी मात्र तपासणीकरता उत्पादन थांबवले तो दिवस तोट्यात धरण्याची सवय कंपन्यांनी आणि सरकारनेही सोडायला हवी.

तुमच्या भागातून अशी वाहिनी जात असेल, तर आजवर अपघात झाला का, एवढेच विचारून थांबू नका. शेवटची तपासणी कधी झाली, तीत काय सापडले आणि सापडलेल्याचे पुढे काय केले, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा.