धसका

गारखेड्यातलं आमचं समुपदेशन केंद्र. पैठण तालुक्यातून आलेली बाई साडेचारची एस.टी. गाठायला निघून गेली आणि मी मॅडमच्या खोलीत जाऊन बसले.

"आज मी तिला नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. बरं केलं की चुकलं, कळत नाही."

"का नाही विचारलंस?"

"आजवर तिनं ते किती जणांना सांगितलंय बघा ना. आधी पोलीस, मग तलाठी, मग तहसील. १ लाखाची मदत मिळायची तर शेतकऱ्याची आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते. नापिकी होती का, कर्ज बँकेचं की परवान्याच्या सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. माणूस कसा होता, हे कुणी विचारलं नाही. त्यात मी आणखी एक टेबल मांडायचं?"

"आणि गावात कुणी विचारतं?"

"नाही. झालं गेलं विसर, पोरांकडं बघ, एवढंच."

"म्हणजे कचेरीनं कागदापुरतं विचारलं आणि गावानं तोंड फिरवलं. आज न विचारता तू कुणाच्या बाजूला बसलीस?"

हे मला लागलं. मी सांभाळून घेतेय असं मला वाटत होतं, आणि तिला कदाचित वाटलं असेल की हिलाही ऐकायचं नाही.

"पण मॅडम, ज्युडिथ हर्मन यांनी आघातावरच्या १९९२ च्या पुस्तकात सांगितलंय ना, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग माणसांत परतणं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. आजही मानते."

"ते दर आठवड्याला येणाऱ्याला जमतं. ही महिन्यातून एकदा येते, तेही रोज बुडवून. तीनदा येईल, चौथ्यांदा येईलच असं नाही. तिला सुरक्षित वाटेपर्यंत थांबले तर सांगायचं राहूनच जाईल. घाई केली तर उघडी जखम घेऊन ती एस.टी.त बसेल, आणि रात्री घरी तिच्याजवळ कुणी नसेल."

मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. आज खोलीत काय झालं, ते सांग."

"खोलीत ती आलीच नाही. काल इथं झुरळांची फवारणी झाली होती. ती उंबऱ्यातच थबकली. पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं पोट गच्च धरलं. पोटात आग पडते म्हणून तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, काही निघालं नाही. आज मला कळलं, आग कुठून येते ते. कपाशीवर मारायचं औषधच त्यानं घेतलं होतं."

"मग?"

"मग आम्ही बाहेर जिन्यात बसलो, पाऊण तास. मुलीची शाळा, सोयाबीन, सातबाऱ्यावर नाव चढत नाही ते. वारस नोंदीचा अर्ज मी लिहून दिला. पण हा काय उपचार झाला?"

"जमीन आपल्या हातात राहील का, या काळजीनं जिची झोप उडालीय, तिच्यासाठी झाला. १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या या त्रासाला आजार म्हणून नाव दिलं. आपल्या आज्या त्याला धसका म्हणायच्या. धसका घेतलेल्या बाईला त्या आधी जवळ बसवायच्या, खायला घालायच्या, तिचं घरचं काम आवरून द्यायच्या. ते सगळंच बरोबर होतं असं नाही, कारण पुढं त्याही गप्पच बसवायच्या. तू जिन्यात बसलीस, तिथवर बरोबर. पुढच्या वेळी एवढंच सांग, की त्यांच्याविषयी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन, आणि नाही वाटलं तरी तुम्ही या. विषय बंद नाही, हे तिला कळू दे. पण दार तिनं उघडायचं."

"आणि तिनं नाहीच उघडलं तर?"

"तर तुला ते सोसावं लागेल."

पुढच्या महिन्यात ती आली. फवारणी महिनाभर लांबवायला सांगितली होती, खुर्ची दाराजवळ ठेवली होती. ती बसली. मॅडमनी सुचवलं होतं ते मी सांगितलं. तिनं माझ्या हातातल्या वहीकडं पाहिलं.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "काही बोलली?"

"म्हणाली, 'ताई, हे लिहून घेणार का?'"

"मग?"

"मी वही मिटून कपाटात ठेवली."

"आणि?"

"तिनं पाणी मागितलं. पिऊन म्हणाली, 'त्यांना गोड लई आवडायचं.' मग एस.टी.ची वेळ झाली."